फटीतले बिऱ्हाड : कोंबडीच्या रक्तावर जगणाऱ्या कोळ्यांचा बंदोबस्त

आमच्या आत्याच्या कोकणातल्या घरी परसदारी जांभ्या दगडाचे, वर कौले घातलेले एक ठेंगणे खुराडे होते, आणि दरवर्षी होळी उलटली की त्याच्या आतल्या कोपऱ्यात एखादी खुडूक कोंबडी रवणीला बसवायची अशी त्या घराची वहिवाट होती. खुडूक कोंबडीइतका हट्टी प्राणी दुसरा नसेल. तिला उचलून अंगणात सोडा, पाण्याने भिजवा, टोपलीखाली डाला, सुटका होताच ती पिसे फुलवून पुन्हा आपल्या अंड्यांवर जाऊन बसते आणि एकवीस दिवस जवळजवळ उपाशी राहून आपले व्रत पार पाडते. अशी ती कोंबडी एका वर्षी तेराव्या दिवशी उठली आणि पुन्हा अंड्यांवर बसेना. अंडी गार पडली. त्याच आठवड्यात उरलेल्या कोंबड्यांनी तिन्हीसांजेला खुराड्यात शिरण्याचे साफ नाकारले, आणि त्यांना हाकलता हाकलता घरच्या पोरांची पुरेवाट झाली तरी त्या पेरूच्या फांदीवर चढून बसू लागल्या. आत्याने मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली, शेजारणीने मुंगसावर आळ घेतला, आणि अखेर एका कोंबडीला मांडीवर पालथी घालून तिची पिसे न् पिसे उलटून पाहिली, तर कीड म्हणून एकही सापडली नाही. तुरे मात्र फिके, पांढरट पडले होते.

ज्यांनी आयुष्यात खुराडे पाहिलेले नाही अशा शहरवासी वाचकांनाही हे कोडे निराळ्या वेषात भेटलेले असते. खिडकीच्या छज्ज्यावर पारव्याने घरटे केलेले असते. पिले मोठी होऊन उडून जातात, घरटे रिकामे पडते, आणि त्यानंतर आठवड्याभरात घरातल्या माणसांना, विशेषतः खिडकीखाली झोपणाऱ्याला, मानेवर आणि दंडावर खाजरे पुरळ उठू लागते. अन्न बदलले जाते, साबण बदलला जातो, खरजेचे मलम लावले जाते. छज्ज्यावरचे वाळलेले घरटे मात्र कोणाच्या ध्यानीही येत नाही.

ही दोन्ही कोडी वस्तुतः एकच आहेत, आणि त्यांचा उलगडा ज्या प्राण्यापाशी होतो तो डोळ्यांना दिसेल न दिसेल एवढा लहान आहे.

कीटक नव्हे, कोळ्याचा भाऊबंद

पक्ष्याच्या अंगावर जे काही चावरे सापडेल त्याला उवा, पिसवा किंवा गोचीड यांपैकी एखादे नाव देऊन मोकळे होण्याची आपल्याकडे रीत आहे. बोलण्यापुरते ते चालते; पण बंदोबस्त करावयाचा तर आरोपीची ओळख आधी पटलेली बरी. ऊ आणि पिसू हे सहा पायांचे कीटक होत. आपला आरोपी आठ पायांचा, म्हणजे कोळी, विंचू आणि गोचीड ज्या अष्टपाद वर्गात मोडतात त्या घराण्यातला आहे. या घराण्यातल्या बारीक जिवांना शास्त्रज्ञ माइट म्हणतात. पिकांवर पडणाऱ्या त्यांच्या भाऊबंदांना आपला शेतकरी पूर्वापार 'लाल कोळी' म्हणत आला आहे, आणि तेच नाव आपण येथे वापरू. कोंबडीच्या लाल कोळ्याचे शास्त्रीय नाव डर्मॅनिसस गॅलिनी. म्हणजे सरळ अर्थाने, कोंबडीची त्वचा टोचणारा.

वाढ झालेली मादी राजगिऱ्याच्या दाण्याहूनही लहान, सुमारे पाऊण ते एक मिलिमीटर लांबीची असते. उपाशी असताना तिचा रंग राखी. रक्त प्याली की ती तांबडीलाल होते आणि ते रक्त पचत जाईल तसतशी काळपट पडत जाते. तेव्हा 'लाल' हे विशेषण तिच्या वर्णाचे नव्हे, तिच्या चोरीच्या मालाचे आहे.

कोंबडीचा ढेकूण

या प्राण्याची राहणी एका वाक्यात सांगावयाची तर लाल कोळी हा कोंबडीचा ढेकूण आहे. ज्यांच्या घरी एके काळी सुंभाने विणलेल्या बाजा होत्या त्यांना अधिक सांगणे नलगे. ढेकूण माणसाच्या अंगावर राहत नाही, बाजेच्या सांध्यात राहतो. दिवा मालवला की बाहेर पडतो, पोटभर रक्त पितो आणि उजाडण्यापूर्वी आपल्या फटीत परततो. सकाळी चादर झटकून, अंग चोळून, न्हाऊन काहीही निष्पन्न होत नाही. बाज उन्हात टाकून तिच्या सांध्यात आधणाचे पाणी ओतावे लागते. लाल कोळ्याचे तंतोतंत हेच आहे. कोंबड्या ज्या आडव्या दांडीवर रात्री बसतात तिची खालची बाजू, दांडी भिंतीत जेथे शिरते ती खाच, पिंजऱ्याच्या तारांचे सांधे, वाळलेल्या विष्ठेच्या पापुद्र्याखालची जागा, अंडी घालावयाच्या खोक्याचे कोपरे, ही त्याची बिऱ्हाडे. अंधार पडला आणि पक्षी स्तब्ध झाले की त्यांच्या अंगाची ऊब आणि त्यांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड यांच्या मागाने तो चालत निघतो, अर्धा तास ते तासभर रक्त पितो आणि परत फिरतो. परतीच्या वाटेवर त्याला आपल्या गोतावळ्याचा गंध मार्ग दाखवतो. त्यामुळे एकाच फटीत हजारांची दाटी आणि शेजारची फट मोकळी, असे दृश्य नेहमी दिसते.

आता आत्याच्या कोंबडीचे वर्तन उमगते. दिवसा तिची पिसे उलटून पाहणे म्हणजे दुपारी माणसाच्या पाठीवर ढेकूण शोधण्यासारखे होते. उरलेल्या कोंबड्या रात्रीपुरत्याच खुराड्यात जात. रवणीला बसलेली बिचारी अंधाऱ्या कोपऱ्यात आठही प्रहर एका जागी असल्यामुळे कोळ्यांना तिच्यापुरती रात्र संपतच नव्हती. मातृत्वाचा हट्टही जेथे हरला तेथे पीडा केवढी असेल याची कल्पना करावी. पारव्याच्या घरट्याचा उलगडाही याच न्यायाने होतो. यजमान उडून गेला की भुकेले कोळी जवळचा उबदार प्राणी शोधत खिडकीतून आत येतात. माणसाला चावतात, मात्र त्याच्यावर त्यांचा वंश वाढत नाही. घरटे काढून तो छज्जा स्वच्छ केल्यावाचून खाज जात नाही, मग मलम कोणतेही असो.

चक्रवाढ व्याज

मादी फटीत एका वेळी चारापासून आठपर्यंत अंडी घालते आणि प्रत्येक भरपेट रक्तपानानंतर पुन्हा घालते. उबदार हवेत दोन-तीन दिवसांत अंड्यातून सहा पायांची अळी निघते. ती काही खात नाही. कात टाकून ती आठ पायांची होते, मग रक्त पिते, पुन्हा कात टाकते, पुन्हा रक्त पिते आणि प्रौढ होते. पंचवीस अंशांपासून तिसांच्या पुढेपर्यंतचे तापमान आणि दमट हवा लाभली तर हा सर्व प्रवास आठवड्या-दीड आठवड्यात उरकतो. कोकणातल्या पावसाळ्याचे वर्णन याहून निराळे काय करणार!

सावकाराच्या व्याजाचा अनुभव असलेल्या समाजाला पुढचा हिशेब अवघड नाही. शंभर कोळी आठवड्याला केवळ दुप्पट होतात असे धरले, तरी दहा आठवड्यांनी ते १,०२,४०० होतात. आणि यातले पहिले सात-आठ आठवडे मालकाला कशाचीच जाणीव झालेली नसते. एक मादी एका वेळी फार तर एका मिलिलिटरचा पाच हजारावा भाग रक्त पिते. ही चोरी हसण्यावारी नेण्यासारखी वाटते. पण एका कोंबडीवर एका रात्री दहा हजार कोळी चढले तर दोन मिलिलिटर रक्त जाते, आणि दीड किलोच्या कोंबडीच्या अंगात सगळे मिळून रक्त शंभर मिलिलिटरच्या आसपास असते. आज दोन, उद्या दोन, परवा दोन. तुरा फिका पडतो तो यामुळे. झोपमोड झालेली कोंबडी दिवसा चिडचिडी होते, एकमेकींची पिसे टोचते, अंडी कमी घालते, आणि घातलेल्या अंड्याच्या कवचावर चिरडलेल्या कोळ्यांचे तांबडे ठिपके उमटल्यामुळे तेही व्यापाऱ्याच्या नजरेतून उतरते. उपद्रव विकोपाला गेला तर पक्षी रक्तक्षयाने मरतात.

हा रोग मांसासाठी पाळलेल्या ब्रॉयलर पक्ष्यांत फारसा का माजत नाही आणि अंड्यांसाठी पाळलेल्या लेयर कोंबड्यांत का माजतो, हेही या हिशेबातच आले. ब्रॉयलर सहा आठवड्यांच्या सुमारास विकला जातो. व्याज चढण्यापूर्वी खातेच बंद होते. लेयर कोंबडी त्याच पिंजऱ्यात वर्षाहून अधिक काळ राहते, आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरसारख्या अंड्यांच्या व्यवसायावर उभ्या असलेल्या गावातल्या शेडमध्ये पिंजऱ्यांचे सांधे, कड्या आणि तारांच्या गाठी मोजू लागलो तर कोळ्यांना बिऱ्हाडांची कमतरता कधीच पडणार नाही, हे ध्यानी येते. युरोपात तर अंड्यांच्या दहा फार्मपैकी सुमारे आठांवर लाल कोळी असल्याचा अंदाज केला जातो.

जुना कळप विकून शेड महिनाभर रिकामी ठेवली म्हणजे कीड उपाशी मरेल, ही समजूत सार्वत्रिक आहे आणि ती चुकीची आहे. गार, दमट फटीत लाल कोळी अन्नावाचून आठ महिन्यांपर्यंत तग धरू शकतो. आपल्या उन्हाळ्यात तो इतका टिकत नाही. पण एक महिना त्याला जड नाही. नव्या तलंगा पिंजऱ्यात आल्या की त्याच रात्री जेवणाची पंगत पुन्हा बसते.

पंचनामा रात्रीच करावा

आत्याच्या घरी शेवटी तालुक्याचे गुरांचे डॉक्टर आले, तेही दुसऱ्या कुणाच्या म्हशीसाठी आले होते म्हणून. त्यांनी कोंबडीकडे क्षणभरच पाहिले आणि रात्री पुन्हा येतो असे सांगून गेले. रात्री नऊच्या पुढे त्यांनी वर्तमानपत्राचा कोरा काठ फाडून घेतला, कंदील खाली ठेवावयास लावला आणि बसण्याच्या दांडीच्या खालच्या अंगाने तो कागद दाबून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढत नेला. कंदिलाजवळ आणून पाहतो तर कागदावर बोटभर रुंदीचा, ओला, लालभडक पट्टा उमटलेला, आणि त्याच्या कडेने राखेचे कण जिवंत होऊन धावत असावेत तशी बारीक पळापळ. "वहिनी," डॉक्टर आत्याला म्हणाले, "कोंबडी बरी आहे तुमची. आजारी आहे ते खुराडे."

या एका वाक्यात लाल कोळ्याच्या बंदोबस्ताचे सारे शास्त्र आले आहे असे माझे मत आहे. मोठ्या फार्मवर हीच परीक्षा जरा पद्धतशीर करतात. खोक्याच्या पन्हाळीदार पुठ्ठ्याचे टीचभर तुकडे शेडमध्ये ठिकठिकाणी दांडीखाली किंवा पिंजऱ्याच्या सांध्यापाशी बांधावयाचे. त्या पन्हाळ्या कोळ्यांना उत्तम फटी वाटतात. एक-दोन दिवसांनी तुकडे पिशवीत घालून, थंडगार करून, आत सापडलेल्यांची मोजदाद करावयाची आणि दर आठवड्याचा आकडा वहीत नोंदवावयाचा. रोजकीर्द न ठेवणाऱ्या दुकानदाराला चोरी उशिरा कळते, फार्मवाल्याचेही तेच.

औषध मारूनही तो उरतो कसा

फवारणी केली, दोन दिवस शांतता, आणि पंधरवड्यात पुन्हा तीच कथा, ही तक्रार वारंवार ऐकू येते. तिची कारणे तीन आहेत. पहिले, फवारा उघड्या पृष्ठभागावर पडतो आणि कोळी फटीच्या आत, त्यातही बहुधा वाळलेल्या विष्ठेच्या छपराखाली असतो. म्हणून आधी खरवडणे, झाडणे, धुणे आणि मग औषध, हा क्रम उलटा करून चालत नाही. दुसरे, बहुतेक औषधे अंड्यांना मारत नाहीत. आजच्या फवाऱ्यातून वाचलेली अंडी दोन-तीन दिवसांत फुटतात. त्यांतून निघालेली पिढी प्रौढ होऊन अंडी घालू लागण्याच्या आत, म्हणजे साधारण पाच ते सात दिवसांनी, दुसरा फवारा पडला नाही तर पहिल्याचा खर्च वाया गेला असे समजावे.

तिसरे कारण अधिक मनोरंजक आहे. शेवंतीच्या कुळातल्या एका पांढऱ्या फुलात कीटकांना लुळे करणारे द्रव्य असते. त्याच्या धर्तीवर प्रयोगशाळेत बनवलेल्या औषधांना पायरेथ्रॉइड म्हणतात, आणि गोठ्यात गोचिडांवर मारावयाची बहुतेक परिचित औषधे याच गटातली. प्राण्याच्या मज्जातंतूवर सूक्ष्म दरवाजे असतात. संदेश पुढे जाताना ते उघडतात आणि लगेच मिटतात. पायरेथ्रॉइडचा कण त्या दारात पाचरीसारखा अडकतो. दार मिटत नाही, तंतू थांबेनासा होतो, प्राणी तडफडून लुळा पडतो. आता लाखांच्या वस्तीत एखाद्या कोळ्याची चौकटच जन्मतः किंचित निराळ्या घडणीची असते आणि पाचर तिच्यात बसत नाही. फवाऱ्याने बाकीचे मेले, हा उरला. पुढच्या पिढीला बाप म्हणून हाच. धान्य चाळताना चाळणीवर राहिलेले खडेच पुन्हा पेरावेत तसा हा प्रकार आहे. औषध कोळ्याला धीट करीत नाही. ते फक्त धीटांची निवड करते, आणि पातळ करून, अर्धवट, वरचेवर मारलेले औषध ही निवड फार जलद करते.

माठावरचा तेलरंग

माझ्या लहानपणी चुलीतली राख खुराड्याच्या दाराशी ओतत असत आणि कोंबड्या तिच्यात लोळत, पंख फडफडवत, डोळे मिटून समाधी लावत. ही निव्वळ मौज नव्हे. कोरडी, बारीक भुकटी कोळ्याला कशी मारते हे समजण्यासाठी पाण्याचा माठ डोळ्यांसमोर आणावा. साध्या माठातून पाणी झिरपते. त्याला बाहेरून तेलरंग दिला तर थेंबही पाझरत नाही. कोळ्याच्या अंगावर असाच मेणाचा एक अतिशय पातळ लेप असतो आणि त्याच्या जोरावर तो आपल्या इवल्याशा देहातले पाणी सांभाळतो. बारीक राख, किंवा डायाटम नावाच्या एकपेशी पाणवनस्पतींच्या सिलिकायुक्त कवचांची माती, अंगाला चिकटली की हे मेण टिपून घेते आणि काही अंशी खरवडूनही काढते. लेप गेला की पाणी गेले. देह जितका लहान तितका तो आकाराच्या मानाने अधिक उघडा. पेलाभर पाणी दिवसभर टिकते, पण चमचाभर पाणी ताटात पसरले की बघता बघता वाळते, त्यातला हा प्रकार.

यात विष नसल्यामुळे औषधाला सरावण्याचा प्रश्न फारसा उद्भवत नाही. मर्यादा मात्र दोन. दमट हवेत भुकटी आपली शोषकता गमावते, म्हणजे श्रावणात कोकणात तिच्यावर विसंबू नये. आणि सिलिकेची धूळ श्वासावाटे गेलेली माणसालाही बरी नव्हे, तेव्हा ती उधळताना नाकातोंडावर फडके हवे.

आग, चुना आणि तेलाच्या वाट्या

कोळ्याला सोसत नाही ती उष्णता. पंचेचाळीस अंशांच्या पुढे तो तगत नाही. नॉर्वे आणि नेदरलँड्समध्ये कळप निघाल्यानंतर शेडच्या शेड पंचावन्न अंशांच्या वर तापवून काढतात. आपल्याकडे रिकाम्या शेडमध्ये फ्लेम गनची ज्योत फिरवण्याची पद्धत आहे, आणि घरच्या खुराड्याला आधणाचे पाणी पुरते. मात्र ज्योत काय, पाणी काय, ते सांध्यात पोचले पाहिजे. नुसती भिंत काळी करून उपयोग नाही. त्यानंतर चुन्याचा दाट हात द्यावा. चुन्याचे मोठे काम विषाचे नसून गवंड्याचे आहे: तो फटी बुजवतो, आणि फट गेली की बिऱ्हाड गेले.

खुराड्याच्या रचनेतही थोडा शहाणपणा करता येतो. मुंग्या चढू नयेत म्हणून दुधातुपाच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवण्याची युक्ती आपल्या आज्यांना ठाऊक होती. बसण्याची दांडी भिंतीत न खोचता चार पायांच्या घोडीवर ठेवली, घोडी भिंतीपासून वीतभर दूर ओढली आणि तिचे पाय वापरलेल्या तेलाच्या वाट्यांत सोडले, तर भिंतीतल्या कोळ्याला कोंबडीपर्यंत वाटच उरत नाही. कारण त्याला पंख नाहीत आणि तो उडीही मारत नाही. दांडीही सालीसकट ओबडधोबड नसावी; रंधा मारलेली, गुळगुळीत असावी.

२०१७ सालचे अंडे

घाईने केलेल्या इलाजाचे परिणाम कुठवर जातात याचे उदाहरण म्हणून २०१७ सालच्या उन्हाळ्यात नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये घडलेला प्रकार सांगण्यासारखा आहे. लाल कोळ्याने गांजलेल्या तेथील फार्मवाल्यांना निलगिरी आणि पुदिन्याच्या अर्काचे म्हणून एक द्रावण विकले गेले. गुण विलक्षण आला, कारण त्यात फिप्रोनिल बेकायदा मिसळलेले होते. हे तेच द्रव्य, जे आपल्या घरी झुरळांच्या जेलमध्ये आणि वाळवीच्या औषधात असते. अन्नासाठी पाळलेल्या पशुपक्ष्यांवर त्याचा वापर युरोपात निषिद्ध आहे, आणि त्यामागचे कारण अंड्याच्या जडणघडणीत दडलेले आहे. फिप्रोनिल चरबीत विरघळते. अंड्याच्या पिवळ्या बलकातली चरबी कोंबडीच्या यकृतात तयार झालेली आणि आठ-दहा दिवस थराथराने साठत गेलेली असते. पिंजऱ्यावर मारलेले औषध कोंबडीच्या अंगात, तेथून चरबीत आणि तेथून बलकात जाऊन बसले. लक्षावधी अंडी नष्ट करावी लागली आणि चाळीसहून अधिक देशांत त्यांचा माग निघाला.

योगायोग असा की त्याच वर्षी युरोपात फ्लुरालेनर नावाचे औषध कोंबड्यांच्या लाल कोळ्यासाठी रीतसर मंजूर झाले. ते फवारावयाचे नसते. पिण्याच्या पाण्यातून, सात दिवसांच्या अंतराने दोनदा द्यावयाचे असते. ते कोंबडीच्या रक्तात जाते आणि रक्त पिणारा कोळी मरतो. म्हणजे चोराची फट शोधण्याऐवजी त्याच्या ताटातच तजवीज. दुसरी मात्रा कशासाठी, हे वर अंड्यांच्या संदर्भात आलेच आहे. ठरलेल्या मात्रेत दिले तर अंडी टाकून द्यावी लागत नाहीत, हे त्याच्या परवान्यातच नमूद आहे. पण असे औषध कोणते, किती आणि कोणत्या पक्ष्याला, हा निर्णय पशुवैद्याचा. शेजारच्या फार्मवाल्याने सांगितले म्हणून गुरांचे इंजेक्शन कोंबडीच्या पाण्यात ओतणाऱ्याने नेदरलँड्सची आठवण ठेवावी.

| चौकट : बिऱ्हाड कोठे, इलाज कोठे |
|---|
| लाल कोळी : राहतो फटीत, येतो रात्री. इलाज खुराड्यावर आणि पिंजऱ्यावर. |
| पिसांतला कोळी : राहतो अंगावरच, गुदद्वाराभोवती. इलाज पक्ष्यावर. |
| पायांचा कोळी : राहतो खवल्यांखाली. इलाज पायांवर, आणि तोही चिकाटीने. |

अंगावरच संसार थाटणारे

चौकटीतला दुसरा प्राणी लाल कोळ्यासारखाच दिसतो, वागतो मात्र उलट. उष्ण प्रदेशात आढळणारा ऑर्निथोनिसस बर्सा आणि थंड मुलखातला त्याचा सख्खा भाऊ हे आपला संसार पक्ष्याच्या पिसांतच करतात. अंडी तेथेच, पिले तेथेच, जेवण तेथेच. गुदद्वाराभोवतीची पिसे बाजूला सारली की त्यांच्या बुंध्याशी काळपट, चिकट मळ साठलेला दिसतो आणि बोटांवर बारीक प्राणी चढतात, तेही भर दिवसा. येथे खुराडे तापवून फारसे साधत नाही. औषध किंवा भुकटी पिसांच्या मुळाशी पोचली पाहिजे. चिमण्या आणि साळुंक्या हे कोळी आणून सोडतात, तेव्हा शेडच्या खिडक्यांना जाळी लावणे हाही उपचाराचाच भाग समजावा.

या कोळ्याविषयी कॅलिफोर्नियातल्या संशोधकांना आढळलेली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. पिंजऱ्यातल्या कोंबड्यांनी एकमेकींना टोचू नये म्हणून त्यांच्या चोचींची टोके छाटतात. अशा छाटलेल्या चोचीच्या कोंबड्यांवर कोळी कितीतरी पटींनी अधिक आढळले, कारण पिसे साफ करण्याचे अवजारच त्यांच्यापासून जप्त झालेले होते. त्याच संशोधकांनी गंधक मिसळलेली धूळ लोळण्यासाठी ठेवली तेव्हा कोळ्यांची संख्या झपाट्याने उतरली. चोच आणि धुळवड ही कोंबडीची मूळची आयुधे. ती काढून घेऊन मग तिच्यासाठी औषधे विकत आणण्याच्या आपल्या धंद्याला काय म्हणावे ते वाचकांनीच ठरवावे.

पायांच्या कोळ्याविषयी थोडक्यात. तो कोंबडीच्या पायांवरील खवल्यांखाली बिळे करतो. खवले उचलले जातात, पाय जाड, चुनखडीसारखे पांढरे आणि खडबडीत होतात, आणि म्हातारा कोंबडा लंगडू लागतो. खेड्यात यावर पाय रॉकेलमध्ये बुडवतात. त्याने कातडी भाजते. त्यापेक्षा कोमट साबणाच्या पाण्यात पाय भिजवून सुटलेली खपली हलकेच काढावी आणि खोबरेल किंवा व्हॅसलिन दाट चोळावे; बिळाचे तोंड बंद झाले की आतला कोळी गुदमरतो. हे दर दोन-तीन दिवसांनी तीन-चार आठवडे करीत राहावे लागते.

आत्याच्या खुराड्याचे पुढे असे झाले की जुन्या दांड्या चुलीत गेल्या, जांभ्याच्या चिऱ्यांतल्या फटींत दोन घागरी उकळते पाणी ओतले गेले, सातव्या दिवशी पुन्हा ओतले गेले, आणि मग चुना. कोंबड्या पेरूवरून उतरायला मात्र आणखी पंधरा दिवस लागले.

आपल्या घरी चार कोंबड्या असोत की चार हजार, आज रात्री नऊनंतर बॅटरी आणि एक पांढरा रुमाल घेऊन त्यांच्या बसण्याच्या दांडीपर्यंत जाऊन यावे. रुमाल दांडीच्या खालच्या अंगाने फिरवावा. त्यावर तांबडा डाग उठला, तर उद्या पशुवैद्याकडे कोंबडीबरोबर तो रुमालही न्यावा.